हौशी पॉडकास्टला गाणं परवडलं पाहिजे

विशी-बाविशीतली मुलं-मुली मराठीत जे घरगुती पॉडकास्ट करतात, त्यांचा साचा आता ओळखीचा झाला आहे. फोनवर रेकॉर्ड केलेला अर्धा-पाऊण तास; त्यात फराळ करताना आईशी झालेली वादावादी असते, हॉस्टेलवरच्या मैत्रिणीशी तुटलेलं आणि पुन्हा जुळलेलं नातं असतं, धाकट्या भावाने शहर सोडलं त्यावर घरात कोण काय बोललं ते असतं, आणि बोलता बोलता एखादं गाणं येतं. येतं म्हणजे त्याचं नाव येतं. ‘हे नंतर नक्की ऐका’ असं सांगून निवेदक पुढे जातो आणि मागे कुठल्या तरी फुकट संग्रहातली निनावी गिटार वाजत राहते. घरातल्या माणसांचे आवाज खरे, भांडी आपटल्याचे आवाजही खरे, फक्त त्या घरात रोज वाजणारं गाणं तेवढं गायब. ही गाळणूक कुणाच्या आवडीतून झालेली नाही. ती झाली आहे कॉपीराइटच्या कायद्यामुळे, आणि त्याहून जास्त परवान्यांच्या व्यवहारामुळे. माझं म्हणणं इतकंच आहे की ज्यातून कमाई होत नाही अशा हौशी पॉडकास्टला गाणी वाजवण्यासाठी वर्षाच्या ठोक शुल्काचा, खिशाला झेपेल असा परवाना मिळायला हवा. त्यासाठी लागणारी तत्त्वं आपल्या कायद्यात आधीपासून आहेत. नाही ती इच्छा.

पहिला आक्षेप परवान्यावर येत नाही, पॉडकास्टवरच येतो. कोण कुठली पोरं, त्यांच्या आयांचे स्वभाव आणि मैत्रिणींचे रुसवे. एवढ्यासाठी कायद्याला कामाला लावायचं? या प्रश्नाला महाराष्ट्रातच एक उत्तर पडून आहे. हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी पुण्याहून काम करत, हजाराहून अधिक गावांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा करवल्या. २०१७ पासून हा ठेवा ‘पारी’ हे ग्रामीण भारताचं संग्रहालय टप्प्याटप्प्याने लोकांसमोर आणत आहे. त्या ओव्यांत काय आहे? भाऊ न्यायला येतो की नाही याची काळजी, सासूचा जाच, लेकीचं कौतुक, शेजारणीची सोबत. ज्या पहाटे त्या गायल्या गेल्या त्या पहाटे घरातल्या पुरुषांनाही त्यात नोंद ठेवण्यासारखं काही वाटलं नसणार. गावोगावी पिठाच्या गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली आणि मग कळलं की बाईच्या मनातलं इतकं तपशीलवार बोलणं दुसऱ्या कुठल्याच दप्तरात नव्हतं. यातल्या बऱ्याच ओव्या नुसत्या कागदावर उतरल्या, त्यांचा गळा आणि चाल हाती लागली नाही. ज्यांचं ध्वनिमुद्रण झालं त्या ऐकल्या की कागदावर काय राहून गेलं ते लक्षात येतं. आजचा पॉडकास्ट ओवीच्या तोडीचा आहे असा माझा दावा नाही. पुष्कळसे पॉडकास्ट कंटाळवाणे असतात, आणि ओव्याही सगळ्याच थोर नव्हत्या. पण ओवीत गोष्ट आणि गळा एकत्र होते. आपण मात्र आजच्या घरांची नोंद गोष्ट ठेवून आणि गाणं काढून टाकून करायला सांगत आहोत.

पॉडकास्ट हा प्रकार जन्माला आला तेव्हाही या दोन्ही गोष्टी एकत्रच होत्या, हे आता सहसा कुणाला आठवत नाही. २००४ मध्ये अमेरिकेत पहिले पॉडकास्ट निघाले, त्यांत विस्कॉन्सिनमधल्या एका तरुण जोडप्याचा ‘डॉन अँड ड्रू शो’ चांगलाच गाजला. त्यात मोठे पाहुणे नव्हते. होती ती त्या दोघांची घरातली बडबड. एमटीव्हीवर निवेदक राहिलेल्या अॅडम करीचा ‘डेली सोर्स कोड’ही त्याच वर्षीचा, आणि त्यात गप्पांइतकीच गाणी होती. अडचणही लगेच उभी राहिली. रेडिओसाठीचे परवाने डाउनलोड करून ऐकायच्या कार्यक्रमाला लागू पडत नव्हते, कारण तिथे श्रोत्याच्या हाती गाण्याची प्रतच जात होती. मग या मंडळींनी स्वतंत्र बँडकडून थेट परवानगी घेतलेली गाणी वाजवायला सुरुवात केली आणि अशा ‘पॉडसेफ’ गाण्यांचे संग्रहही उभे राहिले. २००५ च्या जूनमध्ये अॅपलने आयट्यून्समध्ये पॉडकास्ट आणले, २०१४ मध्ये ‘सीरियल’ने शोधपत्रकारितेची वाट दाखवली, पुढे मुलाखतींचं पेव फुटलं. व्यवसाय वाढला तसा गाण्याचा विषय मागे पडला, कारण मुलाखतीला गाणं लागत नाही. घरगुती पॉडकास्टला मात्र ते लागतं. घरातल्या आठवणी गाण्यांना चिकटलेल्या असतात. कुठलं गाणं लागलं की कोण उठून आत निघून जाई, हे गाणं न ऐकवता सांगायचं म्हणजे अर्धीच गोष्ट सांगायची.

आपला १९५७ चा कॉपीराइट कायदा काय म्हणतो ते पाहू. गीतकाराच्या शब्दांवर आणि संगीतकाराच्या चालीवर त्यांच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. ध्वनिमुद्रणावरचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षं टिकतो. म्हणजे एका गाण्यात तीन निरनिराळे हक्क असतात आणि ते बहुधा निरनिराळ्या हातांत असतात. याचे परिणाम गमतीदार होतात. ‘स्वयंवर’ नाटक १९१६ चं. नाटककार खाडिलकर १९४८ साली गेले, चाली देणारे भास्करबुवा बखले १९२२ साली. त्यातल्या पदाची बालगंधर्वांच्या काळातली जुनी तबकडी आजची बावीस वर्षांची मुलगी बिनदिक्कत वाजवू शकते. गीतरामायण पुणे आकाशवाणीवरून १९५५-५६ मध्ये लोकांपर्यंत पोहोचलं. पण माडगूळकर १९७७ साली गेले म्हणून शब्दांवरचा हक्क २०३७ अखेरपर्यंत आणि सुधीर फडके २००२ साली गेले म्हणून चालींवरचा २०६२ अखेरपर्यंत. तुकोबांच्या अभंगाला तर कुणाचीच परवानगी नको असं आपल्याला वाटतं. शब्दांपुरतं ते खरंही आहे. पण लता मंगेशकरांच्या आवाजात जे अभंग घराघरांत पोहोचले त्यांची चाल श्रीनिवास खळे यांची. खळे २०११ साली गेले, तेव्हा तो हिशेब २०७१ पर्यंत चालतो. एकूण काय, पणजीचं गाणं मोफत आहे आणि आईचं गाणं आवाक्याबाहेर. या मुली ज्या घराबद्दल बोलतात ते घर पणजीचं नाही.

हाच कायदा हौशी माणसाशी इतका कडक कधीच नव्हता. कलम ५२ मध्ये अपवादांची जी लांबलचक यादी आहे ती एकदा निवांत वाचावी. राहत्या इमारतीतल्या सगळ्या रहिवाशांसाठी असलेल्या दालनात ध्वनिमुद्रण ऐकवायला परवानगी लागत नाही. बिननफ्याच्या क्लबात सभासदांना ऐकवायलाही लागत नाही. हौशी मंडळाने तिकीट न लावता नाटक किंवा संगीत सादर केलं तर तो भंग ठरत नाही. लग्नाच्या वरातीत आणि लग्नाशी जोडलेल्या समारंभात, धार्मिक विधीत गाणी वाजवायला कायद्याने स्पष्ट मोकळीक दिलेली आहे. १९५७ च्या कायदेकारांसमोर आणि पुढे दुरुस्त्या करणाऱ्यांसमोर एक चित्र होतं: पैसे न कमावता, ओळखीच्या माणसांच्या मेळाव्यात गाणं वापरणारा माणूस. त्याला त्रास देऊन कलावंताच्या पदरात काही पडत नाही, हे त्यांनी ओळखलं होतं. तो मेळावा आज चाळीच्या गच्चीवर भरत नाही. गोतावळा पुणे, बंगळुरू आणि दुबईत विखुरलेला असतो आणि ऐकणारे साठ-सत्तर जण आपापल्या वेळेला ऐकतात. भाचीच्या हळदीत दोनशे लोकांसमोर डीजे दणकून वाजवतो त्या गाण्याला कायद्याची आडकाठी नाही. त्याच हळदीबद्दल आठवड्याने बोलताना तेच गाणं साठ जणांना ऐकवलं तर आहे. प्रत निघते, ती जाळ्यावर राहते, हा फरक खरा आहे आणि तो मी नाकारत नाही. म्हणूनच मी सरसकट सूट मागत नाही, परवाना मागतो आहे.

रेडिओला असा परवाना आहेच. २०१२ च्या दुरुस्तीने कायद्यात आलेल्या कलम ३१-डी नुसार प्रसारण संस्थेला आधी सूचना देऊन आणि ठरवून दिलेलं मानधन भरून प्रकाशित गाणी वाजवता येतात, मालकाच्या होकारासाठी अडून राहावं लागत नाही. त्याच्याही आधी, २०१० साली कॉपीराइट मंडळाने एफएम वाहिन्यांसाठी ध्वनिमुद्रणांचं मानधन निव्वळ जाहिरात उत्पन्नाच्या २ टक्के ठरवलं होतं. तो दर योग्य होता की नाही यावर पुढे बराच वाद झाला; पण कमाईच्या प्रमाणात मोबदला हे तत्त्व मान्य झालं. मग इंटरनेटवर हे कलम चालतं का, हा प्रश्न ‘टिप्स’ आणि ‘विंक’ या दोन कंपन्यांच्या भांडणातून मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. एप्रिल २०१९ मध्ये एका न्यायमूर्तींच्या पीठाने आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये खंडपीठाने सांगितलं की ते फक्त रेडिओ आणि टीव्हीसाठी आहे. कायद्याच्या शब्दांकडे पाहता निकाल समजण्यासारखा आहे, आणि मागणीनुसार गाणी ऐकवणाऱ्या, अफाट भांडवल असलेल्या सेवांना मालकांशी वाटाघाटी करायला लावण्यात अन्यायही नाही. पण त्या जाळ्यात मोठ्या माशांबरोबर चिंगळ्याही अडकल्या. मोठ्या सेवेकडे करार करायला वकील आहेत. एकट्या मुलीला एका गाण्यासाठी तीन दारं ठोठवावी लागतात, आणि ती तिन्ही दारं उघडण्याआधी तिचं पदवीचं शिक्षण संपतं. तिला रेडिओकडेही जाता येत नाही. हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली सांगितलं खरं, पण सामुदायिक रेडिओचा परवाना शिक्षणसंस्थेला आणि स्वयंसेवी संस्थेला मिळतो, व्यक्तीला नाही. व्यक्तीसाठी पॉडकास्ट हाच काय तो रेडिओ.

सध्या पोरं यातून कशी वाट काढतात? एक वाट ‘तीस सेकंदांच्या नियमा’ची. तीस सेकंदांपर्यंत गाणं वाजवलं तर चालतं, हा समज इतका पक्का आहे की कॉलेजांतल्या कार्यशाळांतही तो सांगितला जातो. कायद्यात असा सेकंदांचा नियम नाही. समीक्षेसाठी, रसग्रहणासाठी न्याय्य वापर करता येतो. गाण्याच्या अंतऱ्याबद्दल काही सांगताना तो अंतरा ऐकवला तर बाजू मांडता येईल. ‘बाबा स्कूटर पुसताना हे म्हणायचे’ एवढ्यावर मात्र ते कलम ताणून बसवणं कठीण आहे. दुसरी वाट म्हणजे वाजवून मोकळं व्हायचं आणि कुणाच्या लक्षात येणार नाही अशी आशा धरायची. पण लक्षात माणूस ठेवत नाही, यंत्र ठेवतं. यूट्यूबची गाणी ओळखणारी यंत्रणा २००७ पासून चालू आहे. मागच्या खोलीत टीव्ही चालू राहिला तरी दावा येऊ शकतो. नव्वद दिवसांत तीन वेळा रीतसर तक्रार झाली तर अख्खं चॅनेल बंद होऊ शकतं, म्हणजे आजोबांचा आवाज असलेले भागही त्याबरोबर जातात. तिसरी वाट शहाणपणाची म्हणून सांगितली जाते: फुकट संगीतसंग्रह वापरा, नाहीतर स्वतः गा. संग्रहातलं संगीत कुणाच्याच घरातलं नसतं. ते वापरून पोकळी भरते एवढंच. आणि स्वतः गायलं तरी शब्द आणि चाल यांचे मालक तेच राहतात. गाणारा गळा तेवढा आपला.

खरा तोलामोलाचा आक्षेप कलावंतांचा आहे. गीतकार-संगीतकारांना या देशात दशकानुदशकं एकरकमी पैसे देऊन वाटेला लावलं गेलं. २०१२ च्या दुरुस्तीने चित्रपटगृहाबाहेरच्या वापरातल्या मानधनाचा त्यांचा वाटा कुणाला लिहून देता येणार नाही असा केला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत आणि बाहेर भांडले. एवढ्या कष्टाने मिळालेलं कुंपण हौशी पोरांसाठी पुन्हा वाकवायचं का? माझ्या मते वाकवायचं नाही, त्याला फाटक बसवायचं. आज या पॉडकास्टांकडून कलावंताला मिळतं काय? जो नियम पाळतो तो गाणं वाजवत नाही, जो पाळत नाही तो पैसे देत नाही, दोन्हीकडून शून्य. वर्षाला हजार-दीड हजार रुपये घेऊन परवाना दिला तर शून्यापेक्षा जास्त मिळेल, कुठलं गाणं किती घरांत अजून जिवंत आहे त्याची नोंद मिळेल, आणि विशीतल्या श्रोत्याला साठीतल्या संगीतकाराचं नाव कळेल. शेवटच्या मुद्द्याला व्यवहारात किंमत नाही असं कुणी म्हणू नये. मराठी भावगीतांच्या जुन्या संग्रहांना नवा श्रोता हवाच आहे.

हे अव्यवहार्य नाही, याचेही दाखले आहेत. ब्रिटनमध्ये ‘पीआरएस फॉर म्युझिक’ या संस्थेने छोट्या ऑनलाइन सेवांसाठी ठोक वार्षिक शुल्काचा परवाना काढला होता. तो शब्द आणि चाल यांच्यापुरता होता, ध्वनिमुद्रणाची परवानगी वेगळी घ्यावी लागे. स्पॉटिफायने २०२० मध्ये काही देशांत गप्पांच्या मध्ये पूर्ण गाणी बसवायची सोय दिली, ज्यात गाणं वाजलं की त्याचं मानधन नेहमीसारखं मालकाकडे जाई. ती सोय पुढे गुंडाळली गेली, आणि त्यातून एक धडा मिळतो: एका कंपनीच्या मर्जीवर असलेली सवलत ही मर्जी असेपर्यंतच. आपल्याकडे शब्द आणि चाल यांचे परवाने देणारी आयपीआरएस ही मुंबईतली संस्था १९६९ पासून आहे. ध्वनिमुद्रणं कंपन्यांकडे आहेत. या दोघांनी मिळून एक खिडकी उघडावी. अटी कडक ठेवाव्यात: पॉडकास्ट व्यक्तीचा असावा, जाहिरात किंवा प्रायोजक आला की परवाना संपावा, गाणं बोलण्याच्या ओघात यावं, नुसती गाण्यांची माळ नसावी, गीतकार-संगीतकार-गायकांची नावं उच्चारलीच पाहिजेत. हौशी म्हणवून घेत कंपन्या घुसतील ही भीती प्रायोजकाच्या अटीने बरीचशी निकालात निघते. आणि भाषेचा मुद्दा? कलम ३१-सी मध्ये, जुन्या गाण्याची नवी आवृत्ती काढणाऱ्याने किमान ५०,००० प्रतींचं मानधन भरावं असं म्हटलं आहे. पण लगेच पुढे, एखाद्या भाषेतल्या किंवा बोलीतल्या गाण्याचा संभाव्य खप पाहून ही किमान रक्कम कमी करता येईल, असंही म्हटलं आहे. हिंदी आणि अहिराणी यांना एकाच मापाने मोजू नये, हे कायद्यालाच मान्य आहे. परवान्याचा दर ठरवताना तेच सूत्र वापरता येईल.

राहिला घरच्यांच्या खाजगीपणाचा आक्षेप, आणि तो गाण्याशी जोडलेला नाही असं वरवर वाटतं. आईवडिलांच्या भांडणांचा जाहीर पंचनामा करणाऱ्या पॉडकास्टला उत्तेजन कशाला, असं विचारलं जातं. मराठीने हा वाद आधीही घातला आहे. सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० मध्ये आलं तेव्हा पतीच्या हयातीत घरातलं इतकं बोलावं का, यावर रकाने भरले; बेबी कांबळे यांनी ‘जिणं आमुचं’ नवऱ्यापासून लपवून लिहिलं. या पुस्तकांनी कुणाचं घर मोडलं नाही, आपली समज तेवढी वाढवली. तरीही आक्षेपात तथ्य आहे. व्यक्तीचं घर, लग्न, मातृत्व, शिक्षण यांबद्दल तिच्या संमतीशिवाय छापू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने राजगोपाल खटल्यात १९९४ सालीच सांगितलं, आणि पॉडकास्टात तर माणसाचा आवाजच जातो. लहान भावंडांना यातून बाहेर ठेवावं, मोठ्यांना प्रसारणाआधी भाग ऐकवावा, मैत्रिणीने नको म्हटलं तर काढावा. एवढी शिस्त कुणीही पाळू शकतं. पण इथे ओवी पुन्हा उपयोगी पडते. जात्यावर बसलेली बाई सासूबद्दल जे गात होती ते ओसरीवर बोलू शकत नव्हती. गाण्यातून सांगितलं की नाव घ्यावं लागत नाही, प्रसंग उघडा करावा लागत नाही, आणि कळणाऱ्याला कळतं. वडिलांच्या अबोल्याबद्दल वीस मिनिटं बोलण्याऐवजी ते ऐकत बसत ते एक भावगीत लावता आलं, तर मुलगा वडिलांना उघडं न पाडता त्यांच्याबद्दल बोलू शकेल. गाणं काढून घेतलं की निवेदकाच्या हाती फक्त प्रसंग उरतात, आणि ऐकणारे टिकवण्यासाठी ते अधिकाधिक आतले काढावे लागतात. खाजगीपणाची ज्यांना चिंता आहे त्यांनी या परवान्याच्या बाजूने उभं राहायला हवं.

एक गाठ यातून सुटत नाही. न्यू जर्सीत किंवा मेलबर्नमध्ये वाढलेली मराठी मुलंही असेच पॉडकास्ट करू शकतात, आणि त्यांच्या घरात तर मराठी बहुधा गाण्यांच्या आधारानेच टिकलेली असते. भारतात दिलेला परवाना तिथल्या प्रसारणाला आपोआप लागू होत नाही. इथला पॉडकास्ट तिथे ऐकला तरी प्रश्न येतोच. देशोदेशीच्या हक्कसंस्थांमध्ये एकमेकांचं मानधन गोळा करण्याचे करार असतात, त्यांत ‘हौशी’ हा वर्ग घालून घेतल्याशिवाय हे मिटणार नाही आणि त्याला वेळ लागेल. ध्वनिमुद्रणांच्या बाबतीत एवढं थांबायची गरज नाही. मराठी लोकगीतं, कोळीगीतं, भावगीतं यांचे संग्रह ज्या कंपन्यांकडे जगभरच्या हक्कांसह आहेत, त्या आपल्या तबकड्यांपुरता असा परवाना सध्याच्या कायद्यात, कुठल्याही दुरुस्तीशिवाय, साध्या कराराने देऊ शकतात.